टेकूताईची नडगी

लहान मुलांच्या फिजिओथेरपीच्या खोलीत गादीवरून उठताना जो भिंतीला हात लावत नाही, तो एकतर नवा असतो नाहीतर लबाड असतो. टेकूताई नवी नव्हती. बावीस वर्षं ती त्या खोलीत होती. खोली इस्पितळाच्या तळमजल्यावर, औषधांच्या कोठीच्या पलीकडे. तीन निळ्या गाद्या, भिंतभर आरसा, धरून चालायच्या दोन समांतर दांड्या, मोठाले रबरी चेंडू आणि खेळण्यांची एक पेटी, जिच्यातलं एकही खेळणं धड नव्हतं. ज्यांचे हातपाय जन्मापासूनच ऐकत नाहीत अशी मुलं तिथे यायची. कोणाचे पाय लाकडासारखे ताठ, कोणाची मान धरत नाही, कोणी चार वर्षांचं होऊनही बसत नाही. त्यांना बसवणं, उभं करणं आणि जमलंच तर चालवणं हे तिचं काम.

नाव एका मुलानेच ठेवलेलं. उभं करण्याची तिची एक खास पद्धत होती. ठेंगण्या लाकडी स्टुलावर ती बसायची, मुलाला आपल्या दोन पायांच्या मधे, पाठ आपल्याकडे करून उभं करायची आणि त्याच्या पोटऱ्यांना मागून आपल्या नडग्या लावायची. बस्स. हात मोकळे. समोरच्या बुटक्या टेबलावर एक खांब आणि रंगीत कड्या. मूल कड्या ओवण्यात दंग. त्याला वाटायचं आपण आपले उभे आहोत. पण दमलेला गुडघा दुमडायच्या आधी थरथरतो, आणि ती थरथर तिला नडगीतून कळायची, मुलाला कळायच्याही आधी. मग हात आपोआप त्याच्या कमरेशी जायचे. बावीस वर्षांत तिच्या पुढ्यातलं एकही मूल पडलं नव्हतं. हाताखाली शिकायला येणाऱ्या मुलींना ती सांगायची की हात घाबरट असतात, लगेच धरतात, मग मूल उभं राहायला शिकत नाही, नडगीने ऐका. मुली एकमेकींकडे बघून हसायच्या आणि सहा महिन्यांनी स्वतःच तशा बसायला लागायच्या.

बाई तशी फटकळ. आयांना रागवायची, बापांना तर जरा जास्तच. पण मुलांशी वागायचा तिचा एक नियम होता: मुलाशी खोटं बोलायचं नाही. ताठ स्नायू ताणायचा असला की बाकीचे लोक म्हणतात, काही नाही होत हं. ही म्हणायची, दुखणार, दहा मोजेपर्यंत दुखणार, मग थांबणार. आणि दहाला थांबायची. अकरा कधी झाले नाहीत. त्यामुळे मुलं तिच्या हातात रडायची, पण तिच्या शब्दावर त्यांचा विश्वास होता. टेकूताई म्हणाली म्हणजे ते तसंच असणार.

पाठीचं म्हणाल तर त्या खोलीत सगळ्यांचीच गेलेली. मुलं दर वर्षी वाढतात, उचलणाऱ्याची पाठ वाढत नाही. जे बाळ म्हणून पहिल्यांदा उचललं, तेच दहाव्या वर्षी तीस किलोंचं होऊन उचलावं लागतं. शिवाय ते काही पोतं नसतं. अंगात ताठा भरला की ते मागे वाकतं आणि उचलणाऱ्याच्या कमरेला असा हिसका देतं की डोळ्यांपुढे काजवे चमकतात. पाठ सरळ ठेवा, गुडघ्यांत वाकून उचला, असं पुस्तकात असतं. पुस्तक लिहिणाऱ्याने घाबरलेलं मूल जमिनीवरून उचललेलं नसावं. घाबरलेल्याला छातीशी घ्यावं लागतं, आणि छातीशी घ्यायचं तर कंबरेतूनच वाकावं लागतं. दिवसातून चाळीस वेळा. कोठीत औषधांच्या खोक्यांमागे या बायका एकमेकींच्या पाठीला चिकटपट्ट्या लावून घ्यायच्या आणि बाहेर येऊन आयांना बजावायच्या, मुलाला उचलताना पाठ सांभाळा. लोका सांगे ब्रह्मज्ञान.

साहेबलोकांपुढे मात्र अळीमिळी गुपचिळी. कारण जिने पाठीचं तोंडाने सांगितलं तिची बदली कागदांच्या टेबलावर व्हायची. टेकूताईच्या आधीची वरिष्ठ तशीच गेली होती. ती आता दुसऱ्या मजल्यावर बसून तारखा द्यायची. जिन्यात भेटली की एकेका मुलाचं विचारायची, तो बसायला लागला का, ती अजून आंगठा चोखते का, आणि उत्तर पुरं व्हायच्या आत तिचे डोळे भरायचे. टेकूताई तिला टाळण्यासाठी मागच्या जिन्याने जायची. साप दिसावा तशी तिला त्या बाईची भीती वाटायची.

तिचं स्वतःचं दुखणं कंबरेत होतं तोवर ती त्याला पुरून उरली. मग ते खाली उतरलं. डाव्या कुल्ल्यातून मांडीच्या मागून, नडगीच्या बाहेरच्या अंगाने, पार पावलाच्या पाठीपर्यंत तापलेली तार ओढल्यासारखं. ती याच धंद्यातली. मणक्यांमधली गादी सरकून नस दाबली गेली आहे हे तिला पहिल्याच दिवशी कळलं. दुसऱ्या कोणाला असं झालं असतं तर तिने त्याला त्याच दिवशी तपासणीला हाकललं असतं. स्वतःला तिने सकाळी रिकाम्या खोलीत आरशापुढे उभं केलं, टाचांवर चालवलं, पाऊल वर ओढायला लावलं आणि ताकदीला पाचापैकी चार गुण दिले. पुढच्या महिन्यातही चारच. खरे तीन होते. परीक्षक आणि विद्यार्थी एकच असला की दुसरं काय होणार?

आणि एके दिवशी दुखायचं थांबलं. तिला आनंद झाला, इथे ती चुकली, आणि तिने तरी चुकायला नको होतं. नस ओरडायची थांबते ती एकतर बरी झाली म्हणून नाहीतर मरायला टेकली म्हणून. नडगीच्या बाहेरच्या बाजूला तळहाताएवढी जागा मुकी झाली होती. आंघोळीचं पाणी गुडघ्यापर्यंत गरम लागायचं, त्याखाली ते नुसतं वाहायचं. टाचणी टोचली तरी रक्ताचा थेंब आल्यावरच कळायचं. तिने कोणाला सांगितलं नाही. सांगितलं तर दुसरा मजला.

कळलं ते नवऱ्याला. त्याचं बूट शिवायचं छोटं दुकान होतं. पायांना आधाराच्या पट्ट्या लावणाऱ्या मुलांसाठी तो खास रुंद बूट करायचा, त्यातूनच या दोघांची ओळख आणि पुढे लग्न. माणूस अबोल. गिऱ्हाइकाच्या तोंडाकडे तो क्वचितच बघायचा, पण बुटाचा तळ बघून त्या माणसाचं निम्मं आयुष्य सांगायचा. एका रविवारी त्याने तिचा डावा बूट उलटा करून तिच्यापुढे धरला. पुढचं टोक झिजून गेलं होतं. पाऊल वर उचललं जात नाही तेव्हा बूट पुढून जातो, एवढंच तो म्हणाला. इस्पितळाची फरशी खरखरीत आहे, असं तिने सांगितलं.

"दोन्ही पायांना फरशी एकच आहे," तो म्हणाला, आणि टोकाला रबराचा तुकडा लावून बूट जागेवर ठेवून दिला.

त्या वेळी टेकूताईच्या हाताखाली एक सहा वर्षांची मुलगी होती. खोलीत आली की हुकूम सोडायची. तो चेंडू इकडे आणा, ती गादी सरळ करा, त्या बाळाला म्हणावं किती रडशील. तिला सगळे हवालदार म्हणत. पाय जन्मापासून ताठ, पण जीभ अशी की मोठ्यांनी कोपरापासून हात जोडावेत. आई बेकरीतली पहाटपाळी उरकून तिला कडेवर घेऊन यायची आणि बाहेरच्या बाकावर बसल्या बसल्या पेंगायची. आयांनी बाहेर थांबायचं असा खोलीचा नियम होता. आई दिसली की मूल हात पसरतं आणि पाय विसरतं.

दीड वर्ष टेकूताई या मुलीच्या पायांवर राबत होती. आता हवालदार चाकांच्या वॉकरला धरून अख्खा लांब बोळ पार करायची. टेकूताई पुढे चालायची आणि मागे न बघता म्हणायची, माझ्यासारखं चाल. मागून चाकांचा आवाज यायचा आणि तूच हळू चालतेस असा शेरा यायचा. वर्षभरात ही कशालाही न धरता चार पावलं टाकेल, असं टेकूताईने फायलीत लिहून ठेवलं होतं. असलं काही ती सहसा लिहायची नाही.

ज्या दिवशी ते घडलं, त्या दिवशी हवालदार नेहमीसारखी तिच्या पुढ्यात उभी होती. सहा कड्या खांबात गेल्या होत्या. पलीकडच्या गादीवर धाकटी, म्हणजे हाताखालची थेरपिस्ट, एका बाळाला मान धरायला शिकवत होती, आणि टेकूताई तिकडे तोंड करून तिला काहीतरी सांगत होती. मुलीकडे बघायची तिला गरज नव्हती, त्यासाठी नडगी होती. तेवढ्यात टेबलावर काहीतरी आपटलं. तिने मान वळवली तर मुलगी हनुवटीवर पडून टेबलाच्या कडेवरून खाली घसरत होती.

तिला उचलायला वाकताना टेकूताईचं लक्ष स्वतःच्या डाव्या पायाकडे गेलं. तो मुलीपासून हातभर लांब, पाऊल बाहेरच्या बाजूला कलंडून पडला होता, कोणीतरी खोलीत विसरून गेल्यासारखा. तो कधी सरकला हे तिला कळलं नव्हतं. मुलीचा गुडघा थरथरला असेल तर तेही कळलं नव्हतं. मुलीने पाठीमागच्या भरवशाच्या नडगीवर भार टाकला होता आणि तिथे काहीच नव्हतं.

हनुवटीला तीन टाके पडले, खालचा एक दुधाचा दात गेला. आई धावत आली तेव्हा तिच्या बाह्यांना पीठ तसंच होतं. ती ओरडली नाही, तिने दोष दिला नाही. एवढंच विचारलं की झालं काय. आपण तोंड उघडलं तेव्हा खरंच सांगणार होतो, असं टेकूताई पुढे कितीतरी दिवस स्वतःला सांगत राहिली.

"डावा गुडघा दुमडला तिचा. अचानक."

हवालदार आईच्या खांद्यावर होती, तोंडात कापसाचा बोळा. तिने टेकूताईकडे पाहिलं. मग मान खाली घालून आपल्या डाव्या पायाकडे पाहिलं, आणि बराच वेळ ती त्याच्याकडेच बघत राहिली.

वेळ मारून नेली, इतकंच टेकूताईला तेव्हा वाटलं. संध्याकाळी तेच वाक्य तिने फायलीत लिहिलं, कारण बोललेलं एक आणि लिहिलेलं दुसरं असं असून चालत नाही.

चौथ्या दिवशी दुपारी डबा खाऊन ती खिडकीशी बसली होती, तेव्हा कोणीतरी तिची डावी नडगी धरली. लहान हात होता. चार बोटं मागे, अंगठा पुढे. तिने पटकन वाकून पाहिलं. खोलीत कोणी नव्हतं, मुलं यायला अजून अर्धा तास होता. ती हलली नाही तोवर हात तिथेच होता, ज्या जागेवर टाचणीही कळत नव्हती नेमका तिथे. दाबलेली नस मेंदूला खोट्या बातम्या पाठवते, हे ती शिकाऊ मुलींना दर वर्षी फळ्यावर काढून दाखवायची. तिने तोच धडा स्वतःला मनातल्या मनात सांगितला. धडा बरोबर होता. हात सुटला नाही.

मग तो कुठेही यायचा. बसमध्ये, ओट्याशी भाजी चिरताना, फायलीवर सही करताना. तो ओढायचा नाही, चिमटा काढायचा नाही. पडायची भीती वाटणारं मूल धरतं तसा नुसता धरून राहायचा, आणि तेच तिला सोसत नव्हतं. डावा पाय हलवला तर त्याचा आधार जाईल असं वाटून ती तासन्‌तास एका जागी बसायची. दुकानात रांगेत उभी राहिली की डाव्या बाजूला थोडी जागा सोडायची. मागच्या बाईने एकदा खाली वाकून पाहिलं आणि बरोबर कोणी लहान आहे का असं विचारलं. टेकूताई नाही म्हणाली, आणि आपण पुन्हा खोटं बोललो असं तिला वाटलं. खाई त्याला खवखवे म्हणतात. हिची खवखव पायाला होती.

टाके सुटल्यावर हवालदार परत आली, पण हुकूम न सोडता आली. डावा पाय ती जमिनीला लावेना. आठवड्याने लावला तर तो पुढे उचलला जाईना. बोळात टेकूताईच्या मागून चाकांच्या आवाजात आता एक नवा आवाज यायचा, बुटाचं टोक फरशीवर घासल्याचा. टेकूताई रोज प्रामाणिकपणे लिहायची: डावा पाय भार घेत नाही, डावं पाऊल घासतं. त्यातलं अक्षर न्‌ अक्षर आता खरं होतं. फक्त सगळ्याच्या आधी लिहिलेलं एक वाक्य खोटं होतं, आणि ते कोणाला दिसत नव्हतं.

महिन्याच्या शेवटी हाडांचे डॉक्टर मुलं तपासायला आले. चांगला माणूस होता, पण एका सकाळी तीस मुलं. टेबलावर निजवल्यावर हवालदार भीतीने काष्ठासारखी ताठ झाली. त्यांनी गुडघा वाकवून पाहिला, मग फाइल वाचली. टेकूताईच्या नोंदी असल्या की मी डोळे मिटून विश्वास ठेवतो, असं ते मुलीच्या आईला म्हणालेसुद्धा. एवढ्या थोड्या दिवसांत पाय असा बिघडला म्हणजे गुडघ्यामागचा स्नायू आखडतोय. शस्त्रक्रिया करून तो सैल करू, मग सहा आठवडे प्लॅस्टर. पुढच्या गुरुवारची तारीख ठरली. थोडं थांबलं तर, असं टेकूताई पुटपुटली. त्यांनी कारण विचारलं. कारण तिच्याजवळ होतं आणि तिची दातखीळ बसली. नको तिथे सैल केलेला स्नायू पुन्हा घट्ट करता येत नाही, हे तिला पक्कं ठाऊक होतं. चार पावलं टाकायला निघालेली मुलगी कायमची खुर्चीत बसेल, हेही ठाऊक होतं.

आईने कागदावर सही केली. जाताना ओशाळं हसत तिने एक गोष्ट सांगितली. पायावर निळे डाग दिसले तर शंका घेऊ नका म्हणाली. घरी पोरगी डाव्या पायाला मारते, हाताला लागेल त्या वस्तूने, परवा तर लाटण्याने.

"किती समजावलं, ऐकत नाही. म्हणते ह्याच्यामुळे मी पडले, हा वाईट आहे. मी म्हटलं असं नसतं गं. तर म्हणते, टेकूताईने सांगितलंय, आणि टेकूताई खोटं बोलत नाही."

टेकूताईने सही केलेला कागद फायलीत लावला. नडगीवरचा हात तेव्हाही होता.

त्या संध्याकाळी ती घरी न जाता दुकानात गेली. का गेली हे तिला सांगता आलं नसतं. नवरा हवालदारचे बूट दुरुस्त करत होता. आईने सकाळीच आणून दिले होते. त्याने मुलीचा डावा बूट उलटा करून फळीवर ठेवला. मग खाली वाकून बायकोच्या पायातला डावा बूट काढला आणि तोही शेजारी उलटा ठेवला. एक मोठा, एक वीतभर. दोन्हींचं टोक एकाच तिरक्या रेषेत झिजलं होतं, आणि टाचेचा बाहेरचा कोपरा दोन्हींचा जसाच्या तसा कोरा होता.

माझ्यासारखं चाल, असं ती रोज सांगत आली होती. मुलगी तिचं ऐकत होती. फाटक्या हनुवटीची, पायावर राग धरलेली ती मुलगी पुढच्या पायाकडे बघून तस्साच पाय टाकत होती.

"तुझ्या पायाचं मी एकदा विचारलं आणि गप्प बसलो, ती माझी चूक," नवरा म्हणाला. "हिच्या पायाचं तरी सांग."

तिने सांगितलं. लाकडी ठोकळ्यावर बसून, एका पायात बूट आणि एक पाय अनवाणी, तिने सगळं सांगितलं. शेवटी त्याने विचारलं की हे आणखी कोणाला माहीत आहे. फक्त तुला, ती म्हणाली.

"मी शस्त्रक्रिया करत नाही," तो म्हणाला, आणि बूट तिच्या पायात घालून नाडी बांधून दिली.

सोमवारी सकाळी ती हाडांच्या डॉक्टरांच्या खोलीत गेली आणि मुलांना निजवतात त्या टेबलावर स्वतः चढून बसली. पाय तपासा म्हणाली. त्यांनी टाचणी टोचली, पाऊल वर ओढायला सांगितलं. पाऊल जेमतेम हललं. पाचापैकी दोन, असं तिने त्यांच्या आधीच सांगितलं. मग ते वाक्य कसं आणि का लिहिलं गेलं तेही सांगितलं. डॉक्टर फार चिडले. एका पोरीचा पाय मी तुमच्या शब्दावर कापणार होतो, असं ते दोनदा म्हणाले. गुरुवार रद्द झाला. तिला मणक्याच्या तपासणीचा कागद मिळाला आणि आजपासून एकाही मुलाला हात लावायचा नाही असा हुकूम मिळाला. ज्या गोष्टीसाठी तिने हे सगळं केलं होतं, ती गोष्ट एका मिनिटात गेली.

ती दाराशी पोचल्यावर त्यांचा आवाज जरा खाली आला. आईला एवढंच कळवू की पुन्हा तपासलं, शस्त्रक्रियेची गरज नाही. बाकीचं इस्पितळाच्या बाहेर जायचं कारण नाही. तुमचंही नाव राहील. टेकूताईने मान हलवली. बोळातून परत येताना तिला खरोखर हलकं वाटलं, हेही इथे सांगायला हवं. मुलगी वाचली होती. आता कोणाला काही कळायची गरज नव्हती. खोलीच्या दारापर्यंत ते हलकेपण टिकलं. दारात तिला लाटणं आठवलं.

दुसऱ्या दिवशी हवालदारची वेळ झाली तेव्हा तिने आईलाही आत बोलावलं. बावीस वर्षांत पहिल्यांदा त्या खोलीत मूल आणि आई एकत्र बसली. मुलगी गादीवर, आई तिच्या मागे. टेकूताईला जमिनीवर बसणं शक्य नव्हतं, ती स्टुलावर बसली. आधी आईशी बोलली. मुलीचा पाय दुमडला नव्हता, माझा पाय सरकला, माझ्या पायाला काही कळत नाही, ते मी लपवलं आणि तुम्हाला खोटं सांगितलं. आईला समजायला थोडा वेळ लागला. समजल्यावर तिने आवाज चढवला नाही.

"मी सही केली होती, ताई," ती म्हणाली. "तुमच्याकडे बघून केली."

टेकूताईने ऐकून घेतलं. मग ती मुलीकडे वळली आणि तेच पुन्हा, सोप्या शब्दांत, सांगितलं. हवालदारने पूर्ण ऐकलं. मग गादीवरची रंगाची पेन्सिल उचलली, सरकत स्टुलापाशी आली आणि टेकूताईच्या डाव्या नडगीवर टोक दाबलं.

"लागतं?"

"नाही."

"इथे?"

"नाही."

पेन्सिल वर वर जात राहिली. गुडघ्यापाशी टेकूताई म्हणाली, इथे लागतं. मुलीने तिथे एक निळी रेघ ओढली.

"म्हणजे तेव्हा तुला कळलं नाही."

"नाही."

"पण मी पडल्यावर कळलं ना?"

"हो. लगेच कळलं."

"तरी तू आईला सांगितलंस माझा पाय वाईट आहे."

वाईट हा शब्द टेकूताईने वापरला नव्हता. पण तो तिचाच होता, आणि ती हो म्हणाली.

हवालदार रडली नाही. तिने आपल्या डाव्या पायावरून कपडा वर सारला. नडगीवर नवे निळे आणि जुने पिवळे डाग होते. एका डागावर तिने तळहात ठेवला, मग दुसऱ्यावर. कोणाची तरी समजूत काढायची आहे आणि सुरुवात कुठून करावी कळत नाही, तशी ती जराशी घुटमळली. मग तिने मान वर केली.

"मी ह्याला रोज मारलं," ती म्हणाली. "आता ह्याला काय सांगू?"

आईने मुलीला उचलून खांद्यावर घेतलं आणि ती दाराकडे निघाली. बाहेर पडेपर्यंत मुलगी आईच्या खांद्यावरून टेकूताईकडे बघत होती, उत्तराची वाट बघत.